पाठीमागच्या भिंतीवरचे थोरले

माझ्या मामाला सगळी गल्ली कवळीमामा म्हणायची. त्याचा धंदाच तो होता. डॉक्टर पेशंटचे दात काढायचे, हिरड्यांचा ठसा घ्यायचे आणि तो ठसा मामाकडे यायचा. मामा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, जबड्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचा आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी कवळी तयार व्हायची. कवळी तोंडात गेली की माणूस मामाला विसरायचा. मामाला त्याचं काही वाटत नसे. "कवळी आठवायला लागली म्हणजे ती टोचतेय," असं तो म्हणायचा. स्वतःच्या दोन दाढा मात्र किडलेल्या होत्या आणि डॉक्टरकडे जायला तो घाबरायचा.

मामा भित्राच होता. हे मी प्रेमाने सांगते आहे, पण सांगते आहे. पोस्टमनने कडी जरा जोरात वाजवली की तो आधी हात धुवायचा आणि मग दार उघडायचा, जसं काही हातावर काहीतरी सापडणार होतं. सरकारी पाकीट आलं की न फोडता मामीकडे द्यायचा. मामीची गोष्ट उलटी. ती टेलिफोन खात्यात मुख्य ऑपरेटर होती, आणि आवाज असा की पलीकडचा माणूस आपोआप सरळ बसायचा. मी लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढले, शिकले, शाळेत शिक्षिका झाले. त्या घरात भीती मामाच्या वाट्याला आली होती आणि तोंड मामीच्या. मला दोन्ही थोडं थोडं मिळालं.

आता थोरल्यांविषयी. त्यांचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, सगळे थोरलेच म्हणत. ते आधी एका शाळेचे हेडमास्तर होते. मुलांनी रांगेत चालावं, मुलींनी खाली बघून चालावं, घंटा वेळेवर व्हावी, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते त्यांनी मरेपर्यंत बदललं नाही. नगरपालिकेला उभे राहिले तेव्हा घोषणा होती, 'जसं होतं, तसंच.' लोकांना ती फार भावली. रोजचे संप, रोजची महागाई, रोज नवं काहीतरी, याला माणसं वैतागली होती. जसं होतं म्हणजे कधी होतं आणि कोणासाठी, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. मग एका चौकातल्या सभेत गर्दीतून दगड आला आणि थोरल्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांपैकी उजवा दात अर्धा तुटला. उजवा म्हणजे त्यांचा स्वतःचा उजवा. आमच्या घरात दात ज्याचा, त्याचीच बाजू धरतात. हनुवटीवरून रक्त गळत असताना त्यांनी भाषण पुरं केलं आणि शेवटी म्हणाले, "अर्धा दात देशाला दिला. उरलेला अर्धा देशासाठीच ठेवलाय."

तो दात त्यांनी कधी दुरुस्त करून घेतला नाही. मामी म्हणायची, करून घेतला असता तर एखादं खातं सांभाळून गुपचूप निवृत्त झाले असते. त्या अर्ध्या दाताने त्यांना संसदेत नेलं, विरोधी पक्षाचा नेता केलं, मग गृहमंत्री आणि मग देशाचा प्रमुख. भिंतीभिंतीवर त्यांचं हसरं चित्र लागलं. कोटाच्या डाव्या खिशात फूल, टक्कल, आणि ओठांत ती फट. माझ्या वर्गातल्या मुली नेत्याचं चित्र काढा म्हटलं की आधी फट काढायच्या आणि मग तिच्याभोवती माणूस.

प्रमुख झाल्यावर त्यांनी 'घर आधी' नावाचा कायदा आणला. लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरी करायची नाही. मामीला शेवटच्या दिवशी एक शाल आणि आभाराचं भाषण मिळालं. त्या शालीने ती दुसऱ्या दिवसापासून प्लास्टर सांडलेली फरशी पुसू लागली. मी लग्न केलं नाही. नवरा की नोकरी असं विचारल्यावर मी नोकरी म्हणाले, आणि खरं सांगायचं तर नवराही काही रांग लावून उभा नव्हता.

त्याच सुमारास दुसरा हुकूम निघाला. कामाच्या प्रत्येक जागी थोरल्यांचं चित्र हवं. चित्राला चौकट करून दिली ती समोरच्या दुकानातल्या चौकटवाल्याने. हा थोरल्यांचा निस्सीम भक्त. दगड पडला त्या सभेत तो तरुण स्वयंसेवक होता, आणि थोरल्यांच्या हनुवटीवरचं रक्त त्याने आपल्या रुमालाने पुसलं होतं. त्या क्षणाचा फोटो त्याच्या दुकानात काचेमागे लावलेला होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट ऐकावी लागे, मग ते लग्नाच्या फोटोला चौकट करायला आलेलं का असेना.

तो स्वतः खिळा आणि हातोडी घेऊन आमच्याकडे आला. मामाची खोली लहान होती. डाव्या हाताला खिडकी, समोर भिंतीला टेकून कामाचं टेबल, टेबलावर भला मोठा आरसा. नवी कवळी बसवली की गिऱ्हाईक मामाच्याच स्टुलावर बसून त्या आरशात हसून बघायचं. "चित्र समोर लावू या," चौकटवाला म्हणाला, "काम करताना दर्शन होईल."

"समोर आरसा आहे," मामा म्हणाला. "तो हलवता येत नाही. मागच्या भिंतीवर लावा."

आरसा हलवता येत होता. पण मामीची नोकरी घेणाऱ्या माणसाकडे दिवसभर बघत बसायचं मामाच्या जिवावर आलं होतं. आयुष्यात त्याने केलेलं बंड ते एवढंच. चित्र त्याच्या पाठीमागे गेलं. काम करताना मान वर केली की ते आरशात दिसायचं, आणि वर्षानुवर्षं त्याने थोरल्यांना पाहिलं ते असं, आरशात. घरात टीव्ही नव्हता. भिंतीवर एक आहेत तेवढे पुरे, असं मामीचं मत होतं. रस्त्यावरची चित्रं कोण बघतो? आपल्या आईच्या गालावरचा तीळ कुठल्या बाजूला आहे, हे कोणी पटकन विचारलं तर आपण अडखळतो.

तिसऱ्यांदा निवडून आल्यावर थोरले कोणाला दिसेनासे झाले. शपथविधीपर्यंत त्यांनी मौन धरलंय, असं जाहीर झालं. एका दुपारी आमच्या दारात गाडी थांबली आणि त्यांचा खासगी सचिव आत आला. अतिशय मऊ बोलणारा माणूस. इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि वाकलं की आपण त्याच्या हातात सापडत असू. त्याने टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला. डब्यात वरच्या आणि खालच्या हिरड्यांचे ठसे होते. एकही दात शिल्लक नव्हता.

"आपलं काम स्वच्छ असतं असं ऐकलं," तो म्हणाला.

"डॉक्टर देतात, मी करतो, साहेब."

"हे डॉक्टरांनी दिलेलं नाही. हे कोणीच दिलेलं नाही. मोठ्या कारखान्यात बघणारे डोळे फार असतात, म्हणून इथे आलो."

मामाने ठसा उचलला नाही. त्याला कळलं होतं कोणाचा आहे. "आणि साहेब, तो दात…"

"तो दात शेंबड्या पोरालाही माहीत आहे," सचिव म्हणाला. "जसा होता, तसाच हवा."

मामाने दार लावून घेतलं आणि कामाला लागला. जेवायला हाक मारली तरी येईना. मामी म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, हे दात करून भरतंय वाटतं." त्याला हसू आलं नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो स्टुलावर बसला होता. मेणात बसवलेले दात समोर धरायचा, मान वर करून आरशातल्या चित्राकडे बघायचा, पुन्हा हातातल्या दातांकडे बघायचा आणि कानस एकदा फिरवायचा. तुटलेल्या दाताची कड तिरकी होती, तो तिरकेपणाही त्याने केसाइतका जुळवला. आरशात डावं उजवं बदलतं हे मामाला का माहीत नव्हतं? पण त्याच्यासाठी ते चित्र आरशातलं नव्हतंच. त्याच्या लेखी थोरले तसेच होते.

शपथविधीच्या दिवशी सगळ्यांनी प्रक्षेपण बघावं असं फर्मान होतं. चौकटवाल्याने आपला टीव्ही आमच्याकडे आणला, कारण त्याच्या दुकानात चौकटी सोडून माणसांना जागा नव्हती. मागच्या भिंतीवर, चित्राच्या बरोबर खाली एक फळी होती, तिच्यावर त्याने तो ठेवला. आम्ही स्टूल, खोकी, जे मिळेल ते वळवून बसलो. थोरले पायऱ्या चढले. माइकसमोर उभे राहिले. शब्द स्पष्ट होते, कवळीतून शीळ वाजत नव्हती, आणि मामाने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग थोरले हसले.

"थांबा," चौकटवाला म्हणाला. तो उठला आणि त्याने टीव्हीला बाजूने एक थापड मारली. "बिघडला वाटतं. उलटं दाखवतोय."

"खालची अक्षरं तर सरळ आहेत," मामी म्हणाली.

चौकटवाला पुढे झुकून पडद्याकडे बघत राहिला. मामाची नजर पडद्यावरून हळूहळू वर चढली, चित्रापर्यंत. एकाच माणसाचा चेहरा, एकाखाली एक. वरच्या चेहऱ्यात फट एका बाजूला, खालच्या चेहऱ्यात दुसऱ्या. मामाची दातखीळ बसली. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. त्याचे जबडे खरंच आवळले गेले आणि चौकटवाला टीव्ही उचलून गेल्यावरही मामीला गरम पाण्याचा रुमाल लावून ते सोडवावे लागले.

"मी डावा तोडला," तोंड उघडल्यावर तो म्हणाला. "उजव्याच्या जागी डावा."

"त्यांच्याजवळच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"आलं असणार. सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा."

मामी म्हणाली, "मग आपण आधीच सांगू. चूक झाली, दुसरी करून देतो. चूक काय माणसाच्या हातून होत नाही?"

"आणि कशी झाली असं विचारलं तर?"

चूक साधी होती, पण समजावून सांगायची तर आधी सांगावं लागणार होतं की मामा थोरल्यांकडे पाठ करून बसतो. चुकीला कदाचित माफी असती. पाठीला नव्हती. आमच्याच गल्लीतल्या एका केस कापणाऱ्याला, चित्राखाली कचऱ्याचा डबा ठेवला म्हणून नेलं होतं, आणि तो परत आल्यापासून कोणाशी बोलत नव्हता.

त्यानंतरचे दिवस वाट बघण्यात गेले. मामाने आपला जाड स्वेटर दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवला, नेलं तर हाताशी असावा म्हणून. गाडीचा आवाज आला की आम्ही तिघंही बोलता बोलता थांबायचो आणि गाडी पुढे गेली की तेच वाक्य पुढे चालू करायचो. मामी मुद्दाम भांडी आपटायची. घरात शांतता नको, असं तिला वाटे.

शेवटी गाडी थांबली. सचिव एकटाच आत आला आणि बसायला म्हणून थेट स्टुलाकडे निघाला. त्या स्टुलावर तो बसला असता तर समोर आरसा होता आणि आरशात चित्र होतं. मामी पटकन खुर्ची घेऊन मध्ये आली.

"साहेब, ते स्टूल डुगडुगतं. इकडे बसा."

तो खुर्चीवर बसला, खिडकीकडे तोंड करून. "काम उत्तम झालं," तो म्हणाला. "थोरल्यांना काहीही त्रास नाही. अर्थात त्यांना कवळी नाहीच, त्यामुळे त्रास होण्याचा प्रश्न येत नाही."

"नाही, साहेब," मामा म्हणाला.

"तुटलेला दात डावा आहे. पहिल्यापासून डावाच होता. वर तसं सांगितलेलं आहे."

"कोणी सांगितलं?" मामीने विचारलं. मी तिचा पदर ओढला.

"मी." हे तो इतक्या हळू बोलला की आम्हाला अंदाजानेच कळलं. मग त्याने प्लास्टरचे जबडे मागितले, मामाचीच हातोडी घेतली आणि खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा भुगा केला. जाताना दारात वळून म्हणाला, "आपण बघूनच केलं होतं ना?"

"बघूनच केलं, साहेब."

तो गेल्यावर मामा भुगा सुपलीत भरू लागला. "त्याच्या दाढा बघितल्यास?" मला म्हणाला. "साफ झिजल्यात. झोपेत दात खातो तो. आपल्याइतकाच घाबरलाय." मला सचिवाची अजिबात दया आली नाही. आपली कातडी वाचवायला त्याने सगळ्या देशाची आठवण उलटी केली होती, आणि ती कातडी आमच्या कातडीला शिवलेली होती, म्हणून मला गप्प बसावं लागत होतं.

थोड्याच दिवसांत नवी चित्रं आली. नवी म्हणजे जुनंच चित्र उलटं छापलेलं. त्यामुळे दाताबरोबर कोटाचा खिसाही उजव्या बाजूला गेला, फूलही गेलं, बटणंही गेली. मग थोरल्यांचे कोटच तसे शिवून घेतले गेले. शाळेत पुस्तकातलं एक पान फाडून त्या जागी दुसरं चिकटवायचं काम आम्हा शिक्षिकांना मिळालं. खळ लावून लावून बोटं कडक झाली. चित्राखाली 'जसं होतं, तसंच' हे शब्द होते. ते तेवढे सुलट होते. एकाही मुलीने काही विचारलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

चित्रं बदलायला एक माणूस घरोघर फिरत होता. आमच्याकडे त्याने जुनं काढलं, नवं त्याच खिळ्याला लावलं आणि समोर चौकटवाल्याकडे गेला. थोड्या वेळाने आवाज वाढले. मामा दारात जाऊन उभा राहिला, मी त्याच्या मागे.

"भिंतीवरचं न्या," चौकटवाला म्हणत होता. "पण हा फोटो माझा आहे. यात मी आहे."

"यातला दात चुकीचा आहे."

"अहो, रक्त या हाताने पुसलंय मी. दात उजवा होता. थोरल्यांना विचारा, ते सांगतील. ते खोटं बोलणार नाहीत."

"तुमची आठवण चुकतेय."

"माझं नाव विसरेन, दात विसरणार नाही," चौकटवाला म्हणाला, आणि फोटो छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर बसला. संध्याकाळच्या आत गाडी आली आणि फोटोसकट त्याला घेऊन गेली. जाताना तो लोकांना समजावत होता की काहीतरी गैरसमज झालाय, थोरल्यांपर्यंत गेलं की मिटेल. खरा भक्त गेला, आणि पाठ फिरवून बसणारा घरात राहिला.

मामाचं जेवण तुटलं. एका सकाळी प्लास्टर आणायला जातो म्हणून बाहेर पडला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "पाय आत पडेना."

"बरं झालं," मामी म्हणाली. "आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

"धोंडा पडलाच आहे, दुसऱ्याच्या पायावर."

मामीने त्याच्या पुढ्यात ताट सारलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडत होती. मामा तीनदा त्या फाटकापर्यंत गेला. तिन्ही वेळा परत आला. जायला हवं होतं, असं मला वाटायचं. आणि तो परत आला की मला इतकं बरं वाटायचं की माझीच मला लाज वाटायची.

झाडांची पानं गळत होती तेव्हा चौकटवाल्याला नेलं होतं. सोडलं तेव्हा नवी पानं जुनी व्हायला लागली होती. तो आमच्याच दारात येऊन उभा राहिला. कपडे अंगावर लोंबत होते आणि वरचे पुढचे दोन्ही दात नव्हते.

"जिन्यावरून पडलो," तो म्हणाला. "मामा, दात करून द्या. बोलताना थुंकी उडते, गिऱ्हाईक मागे सरकतं."

मामाने स्वतःच त्याचा ठसा घेतला. मी वाटी धरली. पुढे काही दिवस त्याने त्या दोन दातांसाठी इतके कष्ट घेतले की तेवढे थोरल्यांच्या अख्ख्या कवळीला घेतले नसतील. बसवायच्या दिवशी चौकटवाला स्टुलावर बसला. मामाने दात बसवले आणि सवयीने म्हणाला, "हसून बघा."

चौकटवाला आरशात हसला. मग त्याची नजर स्वतःच्या दातांवरून सरकली आणि खांद्यावरून मागे गेली. हसू तोंडावरच राहिलं. मागच्या भिंतीवर नवं, उलटं चित्र होतं, आणि आरशात ते सुलट झालं होतं.

"खिसा डावीकडे," तो म्हणाला. "फूल डावीकडे. दात उजवा." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "म्हणजे मी वेडा नव्हतो. तिथे सगळे सांगत होते की मी वेडा आहे. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं."

तो मागे वळून चित्राकडे बघायला लागला, पुन्हा आरशाकडे. मग त्याने स्टुलाकडे बघितलं. टेबलावर कानस होती, मेण होतं, अर्धवट झालेली कोणाची तरी कवळी होती. तो आयुष्यभर चौकटी करत आला होता. कुठून बघितलं की काय दिसतं, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

"मामा, तुम्ही इथेच बसून काम करता?"

"हो."

"असंच? तिकडे पाठ करून?"

"हो."

चौकटवाल्याने जिभेने नवे दात चाचपले आणि तो उठून निघून गेला. त्याने एक शब्द कुठे उच्चारला असता तर आमचं घर उन्हात बर्फ विरघळावं तसं नाहीसं झालं असतं. मामाने पुन्हा स्वेटर खुंटीला लावला. भर उन्हाळ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटवाला आला आणि स्टुलावर बसला. आरशात बघत राहिला. थोड्या वेळाने उठून दुकान उघडायला गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग तो रोजच यायला लागला. ना बोलायचा, ना चहा घ्यायचा. मामा बाजूला खोक्यावर बसून काम करायचा, आणि तो बसलेला असेपर्यंत त्याच्या हातून एक दात सरळ बसत नसे.

"आरसा काढून टाका," मामी म्हणाली. "फुटला म्हणून सांगा."

"नको," मामा म्हणाला. "त्याच्याकडे तेवढंच उरलंय."

अशी वर्षं गेली. मग थोरले गेले. तिसरी कारकीर्द संपत आली होती, चौथीची तयारी चालू होती. अंत्ययात्रेचं प्रक्षेपण सगळ्यांनी बघायचं होतं. चौकटवाल्याने पूर्वीसारखाच टीव्ही आणला, चित्राखालच्या फळीवर ठेवला, चालू केला आणि स्टुलावर जाऊन बसला. टीव्हीकडे पाठ, आरशाकडे तोंड. मामाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या शेजारी खोक्यावर, तसाच आरशाकडे तोंड करून बसला. मी आणि मामी भिंतीशी उभ्या राहिलो. दार उघडं होतं, कारण त्या दिवशी दारं लावायला बंदी होती.

पडद्यावर थोरल्यांचं आयुष्य दाखवत होते. शाळा, नगरपालिका, संसद. मग चौकातली ती सभा आली. चित्रफीतही उलटी केलेली होती, म्हणून आरशात ती सुलट दिसत होती. थोरले बोलताहेत, दगड येतो, रक्त. गर्दीतून एक तरुण पुढे होतो आणि रुमालाने हनुवटी पुसतो. चौकटवाल्याचा हात मांडीवरून वर उचलला गेला आणि हवेतच थांबला.

तेवढ्यात दारात चित्रं बदलणारा माणूस उभा राहिला. हातात काळ्या फिती होत्या, चित्राला लावायच्या. त्याने टीव्हीकडे बघितलं, मग त्या दोन पाठींकडे.

"हे काय? थोरल्यांकडे पाठ करून बसलात?"

मामीला काही सुचेना, आणि मामीला न सुचलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चौकटवाला हळूच वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"साहेब, हे चित्र इथे मी लावलंय," तो म्हणाला. "चौकटवाला मी. समोर लावलं तर खिडकीचा उजेड काचेवर पडतो, चेहरा दिसत नाही. मागे लावलं की आरशात नीट दिसतं. म्हणून यांना सांगितलं, दर्शन आरशात घ्या. तुम्ही बसून बघा."

तो उठून उभा राहिला आणि त्याने स्टूल पुढे केलं. तो माणूस बसला. आरशात बघितलं. आरशात सगळं उलटंच दिसतं हे तो धरूनच चालला होता, त्यामुळे त्याला काहीच वेगळं दिसलं नाही. "दिसतं खरं," तो म्हणाला, काळी फीत मामीच्या हातात दिली आणि पुढच्या दाराकडे गेला.

त्याची पावलं दूर गेल्यावर मामा म्हणाला, "चौकटवाले, तो दात… ती चूक माझी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"या स्टुलावर बसलो त्या पहिल्या दिवसापासून." चौकटवाल्याने स्टूल पुन्हा जागेवर ओढलं. "तिथे मारत होते तेव्हा वाटायचं, ज्याने हे केलं तो सापडला तर त्याचे दात घशात घालीन. मग बाहेर आलो आणि तुम्हीच माझे दात करून दिलेत."

मामा खाली मान घालून बसला. चौकटवाल्याने तोंडात बोट घालून एक दात हलवून बघितला.

"डावा जरा टोचतोय," तो म्हणाला. "फुरसतीने बघा. मी उद्या येतोच आहे."